पोरक्यांचे ‘बापू’ : जामसाहेब दिग्विजयसिंहजी

निर्वासितांना आसरा देणे हे पुण्यकर्म खरे. परंतु त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. अन्न, वस्त्र, औषध, शिक्षण हा भार एका दिवसाचा नसून वर्षानुवर्षांचा असतो. हा भार स्वेच्छेने उचलणारे नवानगरचे राजे जामसाहेब दिग्विजयसिंहजी धर्माने हिंदू होते, तरी कॅथलिक श्रद्धावंतांनी त्यांचे स्मरण कृतज्ञतेने करावयास हवे.

त्यांचा जन्म १८ सप्टेंबर १८९५ रोजी सौराष्ट्रातील सरोदर येथे झाला. विख्यात क्रिकेटपटू रणजितसिंहजी हे त्यांचे काका. राजकोट व इंग्लंड येथे शिक्षण आणि लष्करात सेवा झाल्यावर, काकांच्या निधनानंतर १९३३ साली ते गादीवर आले. पुढे ते नरेंद्र मंडळाचे अध्यक्ष व युद्धकाळात ब्रिटिश युद्ध मंत्रिमंडळात भारताचे एक प्रतिनिधीही झाले.

१९३९ साली जर्मनी व सोव्हिएत रशिया यांनी पोलंड वाटून घेतला. रशियाने लक्षावधी पोलिश नागरिकांना सैबेरिया व मध्य आशियात हद्दपार केले. भूक, थंडी व रोगराईने असंख्य माणसे दगावली आणि हजारो मुले पोरकी झाली. १९४१ च्या करारानंतर त्यांची सुटका झाली खरी, पण त्यांनी जायचे कोठे? युद्धाने सर्वत्र टंचाई होती व हिंदुस्थानातही धान्य महागत चालले होते. अशा वेळी परक्या मुलांचा खर्च कोणी करावा, हा प्रश्न रास्तच होता.

जामसाहेबांनी तो स्वतःपुरता सोडवला. जामनगरजवळ बालाचडी येथे, समुद्रकिनारी आपल्या उन्हाळी महालानजीक, त्यांनी १९४२ साली छावणी उभारली. इतर संस्थानिकांनाही त्यांनी मदतीचे आवाहन केले. शेकडो मुले तेथे आली. आता आपण पोरके नाही, नवानगरचेच आहोत आणि मी तुमचा बापू आहे, असा दिलासा त्यांनी मुलांना दिला.

या आश्रयाचे वैशिष्ट्य असे की, त्याच्या मोबदल्यात मुलांकडून त्यांची भाषा वा धर्म मागितला गेला नाही. पोलिश शिक्षक शिकवीत, पोलिश ध्वज फडके, फादर फ्रान्सिशेक प्लुटा छावणीची धुरा सांभाळीत. मुलांच्या नाटकांना महाराज आवर्जून येत. शाळकरी मुलांना पालकाची भाजी नकोशी झाली, तेव्हा त्यांनी ती बंद करवली, अशीही आठवण सांगितली जाते.

आपल्या महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, मुख्यतः स्त्रिया व मुले, राहिले. चर्च, शाळा व इस्पितळ असलेले ते एक छोटे गावच होते. तेथील खर्च लंडनस्थित पोलिश सरकार करीत असे. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेताच हा भार कोणाचा, हा पेच नव्याने उभा राहिला.

युद्धानंतर साम्यवादी पोलंडने मुले परत मागितली. पोरक्या मुलांना त्यांच्या इच्छेविरुद्ध पाठविले जाऊ नये म्हणून जामसाहेब व फादर प्लुटा यांनी त्यांचे कायदेशीर पालकत्व घेतले. १९४६ साली बालाचडीची छावणी बंद झाली व उरलेली मुले वळिवड्यास गेली. पुढे ती जगभर विखुरली.

स्वातंत्र्यानंतर जामसाहेबांनी आपले संस्थान भारतात विलीन केले व १९५६ पर्यंत ते सौराष्ट्राचे राजप्रमुख होते. ३ फेब्रुवारी १९६६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वॉर्सात त्यांच्या नावाची शाळा व चौक आहे. तेथे त्यांना ‘चांगले महाराज’ म्हणून ओळखतात.

परक्याला घरात घेणाऱ्याने आपल्यालाच घरात घेतले, असे प्रभू येशूने शिकवले आहे. जामसाहेब ख्रिस्ताचे अनुयायी नव्हते, पण ही शिकवण त्यांनी आचरली. खर्चाचा हिशेब ठेवणे गैर नाही. मात्र त्या हिशेबात पोरक्या मुलाचे आयुष्यही धरावयास हवे. आपल्या धर्मग्रामाच्या दाराशी उभ्या असलेल्या स्थलांतरिताकडे पाहताना आपण हे ध्यानी ठेवू या.