पेशीची टाकसाळ आणि एक नाकारलेला अर्ज

अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाने एका जीवरसायनशास्त्रज्ञाच्या चरित्राकडे का वळावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, कमलाबाई सोहोनी यांनी केंब्रिजला ज्या विषयात संशोधन केले, तो मुळात चलनाचाच विषय आहे. अन्नातील ऊर्जा पेशीला जशीच्या तशी खर्च करता येत नाही. ती आधी एटीपी नावाच्या रेणूत साठवावी लागते. हा रेणू शरीरात एका वेळी 100 ग्रॅमसुद्धा नसतो; परंतु तो इतक्या वेळा खर्च होतो आणि पुन्हा घडविला जातो की, दिवसाची उलाढाल माणसाच्या वजनाच्या आसपास भरते. चलनाच्या साठ्याइतकाच त्याचा भ्रमणवेगही महत्त्वाचा असतो, हे वर्गात समजावण्यास याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

या चलनाची मुख्य टाकसाळ म्हणजे पेशीतील मायटोकाँड्रिया, अर्थात तंतुकणिका. अन्नापासून निघालेले इलेक्ट्रॉन तेथे प्रथिनांच्या साखळीतून हातोहात पुढे जातात आणि अखेरीस ऑक्सिजनला मिळतात. या प्रवासात सुटणाऱ्या ऊर्जेने हायड्रोजनचे भारित कण एका पातळ पटलापलीकडे साचविले जातात. तोतलाडोहच्या धरणातील पाणी खाली येताना जसे चक्र फिरवून वीज देते, तसे हे कण परत येताना एटीपी घडवितात. पीटर मिचेल यांनी ही उपपत्ती 1961 मध्ये मांडली आणि 1978 मध्ये तिला नोबेल पारितोषिक लाभले. इलेक्ट्रॉनांच्या या साखळीत शेवटून दुसऱ्या टप्प्यावर हमालाचे काम करणारे छोटेसे प्रथिन म्हणजे सायटोक्रोम-सी. याच प्रथिनाशी कमलाबाईंचे नाव जोडलेले आहे.

पूर्वाश्रमीच्या कमला भागवत यांचा जन्म 1911 मध्ये इंदूरला झाला. विख्यात लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेचे विद्यार्थी. साहजिकच 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी अग्रक्रमाने मिळविल्यावर कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तो फेटाळला. कारण एवढेच की, अर्जदार स्त्री होती. हिशेब खात्यातील सरकारी नोकरीत असताना रामन काही काळ आपल्या नागपुरातही होते. भौतिकीतील त्यांच्या थोरवीबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु हा हिशेब मात्र त्यांचा सपशेल चुकला, असेच म्हणावे लागेल.

कमलाबाईंनी माघार घेतली नाही. त्यांनी सत्याग्रहाची भूमिका घेतली. अखेर एक वर्षाच्या परीविक्षेवर आणि मानहानिकारक अटींवर प्रवेश मिळाला. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व डाळी यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत पालटले आणि संस्थेची दारे स्त्रियांना उघडली. पुढे केंब्रिजला रॉबिन हिल यांच्याकडे बटाट्यावर काम करीत असता वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असल्याचे त्यांना आढळले. प्राणी आणि वनस्पती यांचे श्वसन एकाच मूळ यंत्रणेवर चालते, या समजुतीला त्यामुळे बळ मिळाले. अवघ्या 40 पृष्ठांच्या प्रबंधावर 1939 मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

त्या मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय, कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा आणि 1947 मधील विवाहानंतर मुंबईची विज्ञान संस्था, असा त्यांचा प्रवास झाला. येथे त्यांचे लक्ष गरिबाच्या ताटाकडे वळले. कडधान्यांतील प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणाऱ्या घटकांचा त्यांनी अभ्यास केला. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवर संशोधन केले आणि आदिवासी समाजातील कुपोषित मुले व गर्भवती स्त्रिया यांना नीरा उपकारक ठरते, असे दाखविले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. तरीही संस्थेचे संचालकपद त्यांना काही वर्षांच्या विलंबानेच लाभले. उतारवयात त्या ग्राहक चळवळीत रमल्या. 1998 मध्ये दिल्लीत त्यांच्या सत्काराच्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले.

हे चरित्र जिद्दीची कथा म्हणून सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यात एक अस्वस्थ करणारी बाब दडलेली आहे. कमलाबाईंच्या पाठीशी त्याच संस्थेत शिकलेले वडील व काका होते; घरात पुस्तके होती; मुंबईहून बंगलोरला जाऊन हक्कासाठी अडून बसण्याची ऐपत होती. ज्यांच्यापाशी यातले काहीच नव्हते, अशा किती मुली पहिल्या नकारानंतर निमूटपणे घरी परतल्या असतील? राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही तक्त्यात हा तोटा नोंदला जात नाही. आज नियमांत अशी बंदी नाही. तथापि, गडचिरोली वा मेळघाटातील मुलीला प्रयोगशाळेपर्यंत पोहोचण्यासाठी वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि घरच्यांची संमती हे तिन्ही अडथळे ओलांडावे लागतात. दार उघडे ठेवून वाट मात्र बंद राखली, तर तोही नकारच होय. दरवेळी सत्याग्रह करूनच प्रवेश मिळावा, अशी अपेक्षा कोणत्याही समाजाने आपल्या मुलींकडून करू नये.