जॉर्ज स्टीफन्सन : पुत्राबरोबर शिकणारा पिता

शाळा सुटली की विद्या संपली, असा समज पुष्कळांचा असतो. परीक्षेचा निकाल हाती पडताच पुस्तके फळीवर जातात, ती पुन्हा खाली येत नाहीत. जे विद्यार्थी लवकरच जगात पाऊल टाकणार आहेत, त्यांच्यासाठी आम्ही येथे एका अशा पुरुषाचे चरित्र थोडक्यात देत आहो, की ज्यास वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत वाचता येत नव्हते, आणि ज्याने आपल्या मुलास उपदेश केला तो मुखाने थोडा व आचरणाने फार.

जॉर्ज स्टीफन्सन याचा जन्म इंग्लंडच्या उत्तर भागात, न्यूकॅसल शहराजवळील वायलम या गावी ९ जून १७८१ रोजी झाला. बाप कोळशाच्या खाणीवर पाणी उपसणाऱ्या एंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकीत असे. घरात खाणारी तोंडे पुष्कळ, तेव्हा शाळेचे नाव कोण काढणार? जॉर्जने लहानपणी गाई राखल्या, कोळशातील दगड वेचले आणि पुढे तोही एंजिनावर कामास लागला. सुटीच्या वेळी ते खोलून पुसावे व पुन्हा जोडावे, हाच त्याचा खेळ. परंतु नव्या एंजिनांची माहिती ग्रंथांत असते व ते ग्रंथ आपणास मुके आहेत, हे त्याच्या ध्यानी आले. मग मिसरूड फुटलेला हा तरुण लाज सोडून रात्रीच्या शाळेत जाऊन बसला. दिवसा एंजिनाजवळ बसून तो पाटीवर हिशेब सोडवी.

१८०३ साली त्यास रॉबर्ट हा पुत्र झाला. तीन वर्षांनी पत्नी क्षयाने वारली. वाफेच्या अपघातात म्हाताऱ्या बापाचे डोळे गेले, आणि होते नव्हते ते द्रव्य त्याचे कर्ज फेडण्यात संपले. देश सोडून अमेरिकेस जावे, असेही त्याच्या मनात आले. पण भाड्यासही पैसा नव्हता. अशा स्थितीत त्याने निश्चय केला की, विद्येवाचून आपली जी कुचंबणा झाली, ती मुलाची होऊ द्यावयाची नाही. दिवसाचे काम आटोपल्यावर तो रात्री शेजाऱ्यांची घड्याळे व जोडे दुरुस्त करी, आणि त्यातून शिल्लक टाकी.

१८१२ साली किलिंगवर्थच्या खाणीवर तो वर्षास १०० पौंड पगारावर यंत्रांचा मुख्य झाला. पुढे रॉबर्ट न्यूकॅसलच्या शाळेत गाढवावर बसून जाऊ लागला. सायंकाळी मुलगा घरी आला की बापाची शाळा भरे. शहरातील ग्रंथालयातून रॉबर्ट पुस्तके आणी. जे ग्रंथ बाहेर नेऊ देत नसत, त्यांतील यंत्रांच्या आकृती तो तेथेच बसून उतरून घेई. मग दोघे मिळून त्यांचा अर्थ लावीत. चांगली आकृती स्वतःच सर्व काही सांगते, तीस शब्दांचा टेकू लागू नये, असे बापाचे सांगणे असे. १८१६ साली या दोघांनी गणित मांडून एक सूर्यघटिका घडविली व आपल्या घराच्या दारावर बसविली. यात गुरू कोण व शिष्य कोण हे सांगणे कठीण आहे.

वाफेची चालती गाडी प्रथम स्टीफन्सनने काढली, असे पुष्कळ समजतात. ते खरे नव्हे. ट्रेव्हिथिकचे एंजिन १८०४ सालीच रुळांवर चालले होते. स्टीफन्सनने इतरांची एंजिने पाहून १८१४ साली आपले पहिले एंजिन बांधले, आणि पुढे ते सुधारीत गेला. दुसऱ्याच्या कृतीपासून शिकण्यात त्यास कमीपणा वाटला नाही.

तथापि उशिरा आलेल्या विद्येची उणीव त्यास भोगावी लागली. १८२५ साली लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेविषयी पार्लमेंटच्या कमिटीपुढे त्याची उलटतपासणी झाली. हाताखालच्या माणसांनी केलेली मोजणी त्याने पडताळून पाहिली नव्हती. ती चुकीची निघाली. विद्वान वकिलांनी त्याची फजिती केली आणि बिल फेटाळले गेले. त्या वेळी रॉबर्टही जवळ नव्हता. तो दक्षिण अमेरिकेत खाणींच्या कामावर होता. पुढल्या वर्षी बिल मंजूर झाले, तेव्हा स्टीफन्सनच मुख्य एंजिनियर झाला, आणि ज्या चॅट मॉसच्या दलदलीवरून रस्ता नेणे अशक्य मानले जाई, तिच्यावर झुडपांच्या ताट्या पसरून त्याने रूळ नेले.

रॉबर्ट १८२७ साली परतला. ऑक्टोबर १८२९ मध्ये रेनहिल येथे एंजिनांची शर्यत झाली, तीत ५०० पौंडांचे बक्षीस ‘रॉकेट’ने जिंकले. हे एंजिन मुख्यत्वे रॉबर्टच्या देखरेखीखाली बनले होते. ज्याने मुलास अक्षरे मिळावी म्हणून रात्री जोडे शिवले, त्याने आता मुलाचे ज्ञान आनंदाने पुढे होऊ दिले.

जॉर्ज स्टीफन्सन १२ ऑगस्ट १८४८ रोजी वारला. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास आपल्या देशातील पहिली उतारूंची आगगाडी गेली, ती ज्या जी. आय. पी. रेल्वेची, तिचा सल्लागार एंजिनियर हाच रॉबर्ट होता.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्या हयातीत किती नवी यंत्रे येतील, हे आज कोणीही सांगू शकत नाही. परंतु त्यांपुढे उभे राहण्याची रीत जुनीच आहे : येत नाही हे कबूल करावे, आणि जो जाणतो, तो वयाने लहान असला तरी, त्याच्याजवळ शिकावयास बसावे. तुमच्या घरी वडील एखादी नवी गोष्ट विचारतील, तेव्हा हसू नका. किलिंगवर्थच्या त्या दिव्याजवळ बसलेल्या दोघांचे स्मरण करा.