पैलवान खाशाबा जाधव

कराडजवळ गोळेश्वर हें एक लहानसें खेडें आहे. तेथें १५ जानेवारी १९२६ रोजीं खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील स्वतः मल्ल; त्यामुळें आखाड्याची माती मुलाच्या अंगास लहानपणींच लागली. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलांत व पुढें कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत झालें. देह लहानखुरा; परंतु चपळाई अशी कीं, थोराड गडी पाहतां पाहतां पालथा पडे.

१९४८ सालीं कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्यानें ते लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस गेले. मातींत वाढलेल्या या मल्लास गादीवरील कुस्ती नवीनच होती. तरीहि ते सहावे आले.

चार वर्षांनीं हेलसिंकीस जावयाचें, तर हातीं पैसा नाहीं. गांवकऱ्यांनीं वर्गणी काढली, ती पुरेना. तेव्हां राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं घरें धानाच्या बांध्यांवर चालतात. पावसानें ओढ दिली म्हणजे गहाणखत काय असतें, हें मूलच्या मुलांस निराळें सांगावयास नको. येथें तर शिक्षकानें शिष्यासाठीं तें केलें! आम्हां शिक्षकांस हें वाचून मान खालीं घालावीशी वाटते.

जुलै १९५२ मध्यें, ५७ किलो वजनाच्या गटांत, खाशाबांनीं कॅनडा व मेक्सिको येथील मल्लांस हरविलें. जपानच्या इशीशीं झालेली कुस्ती दीर्घ व दमछाक करणारी झाली; तींत ते हरले. लागलीच त्यांस रशियाच्या मल्लापुढें उभें करण्यांत आलें. मध्यें अर्धा तास विश्रांति मिळावयास हवी होती; परंतु त्यांची बाजू मांडणारा एकहि भारतीय अधिकारी तेथें हजर नव्हता. ती कुस्ती गेली, तरी कांस्यपदक मिळालें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

कराडहून गोळेश्वरापर्यंत शंभरांवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गुलाल खालीं बसतांच खाशाबांनीं कुस्त्यांचे फड भरविले, व त्या उत्पन्नांतून प्राचार्यांचें कर्ज फेडून घर सोडविलें. अमेरिकेंतील मंदीच्या काळांत सरकारी मदतीवर संसार चालविणारा मुष्टियोद्धा जेम्स ब्रॅडॉक यानेंहि घेतलेली रक्कम परत केली होती. १९३५ सालीं तो जगज्जेता झाला, आणि २००५ सालीं त्याच्यावर बोलपटहि निघाला. आमच्या मतें खाशाबांची कथा त्याहून तिळभरहि उणी नाहीं.

१९५५ सालीं ते पोलिसांत फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांस मिळाला तो मरणोत्तर.