डॉ. कोटणीस : रणभूमीवरचे शिक्षक

मे २०२० मध्ये करोनाच्या साथीशी लढण्यासाठी भारतातून ८८ परिचारिकांचे पथक दुबईत दाखल झाले. त्यांत महाराष्ट्रातील परिचारिकाही होत्या. परक्या भूमीवरील संकटात धावून जाणाऱ्यांची ही परंपरा जुनी आहे आणि मराठी मनात तिचे पहिले नाव सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटाने त्यांना अजरामर केले. मात्र त्यांच्यातील शिक्षक काहीसा अपरिचितच राहिला.

१० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेल्या कोटणीसांनी मुंबईच्या जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. डॉ. मदनलाल अटल यांच्या नेतृत्वाखालील या पथकात कोटणीसांसह नागपूरचे डॉ. चोळकरही होते. फेब्रुवारी १९३९ मध्ये ते येनानला पोहोचले.

आघाडीवर जखमींचा ओघ अखंड होता, औषधे तुटपुंजी होती आणि प्रशिक्षित डॉक्टर बोटांवर मोजण्याइतकेच. एकटा शल्यविशारद कितीही कुशल असला, तरी त्याचे हात दोनच. म्हणूनच कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी उपचारांच्या जोडीला स्थानिकांच्या प्रशिक्षणावर भर दिला होता. शस्त्रक्रिया करताना झालेल्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये ते निवर्तले. पुढे त्यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत कोटणीस शल्यशास्त्र शिकवू लागले आणि जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले.

दुभाष्याच्या आधारे शस्त्रक्रियेतील बारकावे शिकवता येत नाहीत. कोटणीसांनी चिनी भाषा आत्मसात केली, तिच्यातूनच व्याख्याने दिली आणि शल्यशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहावयास घेतले. परिचारिका को छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्र यिनहुआ जन्मला. मात्र अपस्माराच्या झटक्यांनी प्रकृती खालावत गेली आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पाठ्यपुस्तक अपुरे राहिले.

तरीही त्यांचे कार्य त्यांच्यासोबत संपले नाही, कारण त्यांनी शिकवलेले हात मागे उरले होते. शिजियाझुआंग येथे आज त्यांचे स्मारक आहे, तसेच त्यांच्या नावाची वैद्यकीय शाळाही आहे.

२०२० मध्ये दुबई वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये अल्पावधीत तात्पुरते रुग्णालय उभे राहिले. खाटा आणि यंत्रे पैशाने, तातडीने मिळवता येतात. सज्ज माणसे मात्र संकटाच्या कितीतरी आधी घडवावी लागतात. येथील रुग्णालयांतून झटणाऱ्या मराठी डॉक्टर-परिचारिकांनी आपल्या हातचे कौशल्य शेजारच्या नवख्या सहकाऱ्याच्या हाती, त्याला समजेल अशा भाषेत सोपवणे, हेच कोटणीसांचे खरे स्मरण ठरेल.