अक्षरांच्या पटावरचा निरक्षर

हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९९ साली. त्याच्या चार-पाच वर्षे आधी, गाव परभणी जिल्ह्यात असताना, दसऱ्याच्या प्रदर्शनातून धाकट्या भावाने हट्टाने टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घरी आणला. एकाच कॅसेटमध्ये पुष्कळ खेळ होते. पोरे रणगाड्यांत आणि मोटारींत रमली. मी मात्र यादीत खाली दडलेल्या एका खेळापाशी अडकलो. पडद्यावर चौकटींचा पट, त्यावर सोंगट्या आणि प्रत्येक सोंगटीवर एक अगम्य अक्षर. हे जपानी बुद्धिबळ, म्हणजे शोगी, हे मला नंतर कळले.

तेव्हा औंढ्याहून थोरले मामा आले होते. मामा शाळेत गेलेले नव्हते. सोसायटीच्या कागदावर अंगठा उठवताना त्यांची मान खाली जाई. पण देवळाच्या पारावर ते देशी बुद्धिबळ खेळत, ज्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते, आणि त्यात त्यांना हरवणारा मी पाहिला नाही. मी अक्षरांचे अर्थ लावत बसलो. मामांनी तो नादच केला नाही. यंत्र चुकीची चाल घेत नाही एवढे त्यांनी हेरले आणि कोणती खूण कुठे जाते हे मला बटणे दाबायला लावून तपासत गेले. तिसऱ्या संध्याकाळी, वीज जायच्या आत, मामांना खेळ समजला होता. मला नव्हता.

पुढे शोगीविषयी मिळेल ते वाचू लागलो. पट नऊ बाय नऊचा, दोन्हीकडे वीस-वीस सोंगट्या. दोघांच्याही सोंगट्यांचा रंग एकच; टोक ज्याच्या दिशेने, तो शत्रू. मारलेली सोंगटी मारणाऱ्याची होते आणि त्याच्या बाजूने पुन्हा पटावर उतरते. जपानमध्ये १९८५ सालीच नाइतो कुनिओ या नऊ दान दर्जाच्या खेळाडूचे नाव लावून घरगुती यंत्रासाठी शोगीचा गेम निघाला होता. या वाचनातच मला साकाता सान्किची भेटला, आणि मामांची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

साकाताचा जन्म १८७० सालचा, ओसाकाजवळच्या साकाई भागातला. घरचा धंदा वहाणा करण्याचा. कातड्याच्या कामामुळे समाजाने वेगळ्या ठेवलेल्या वस्तीतले हे कुटुंब. शाळा लवकर सुटली आणि अक्षरओळख राहूनच गेली. आपल्या नावाची दोन अक्षरे आणि सोंगटीवरचे घोड्याचे अक्षर, एवढेच काय ते त्याला लिहिता येई, असे सांगतात. आणि हा माणूस असा खेळ खेळला, ज्यात राजा आणि प्यादे यांतला फरक प्रामुख्याने लिहिलेल्या अक्षरावरून ओळखायचा! आपल्या बुद्धिबळात घोड्याला निदान घोड्याचे तोंड असते. शोगीत तेही नाही.

गल्लीबोळात, पैजा लावून तो खेळ शिकला. त्याचा आयुष्यभराचा प्रतिस्पर्धी सेकिने किन्जिरो. १९०६ साली सेकिनेशी झालेल्या डावात त्याच त्या चाली पुन्हापुन्हा येऊ लागल्या. तेव्हाच्या नियमाप्रमाणे चाल बदलण्याची जबाबदारी साकातावर पडली आणि त्याने डाव गमावला. पटावर नव्हे, नियमात हरल्याचा हा डंख त्याला फार लागला, आणि त्याने खेळालाच वाहून घ्यायचे ठरवले असे त्याच्या चरित्रात सांगतात. घर दारिद्र्यात होतेच. त्या निश्चयाची किंमत बायकोने आणि मुलांनी मोजली.

१९१३ साली टोकियोत त्याने सेकिनेला हरवले. या डावात त्याची एक सोंगटी, जिला तिकडे चांदीचा सेनापती म्हणतात, पुढे जाऊन अशी अडकली की मागेही फिरता येईना. ती चांदी रडत होती, अशा अर्थाचे त्याचे बोलणे जपानमध्ये आजही सांगितले जाते. लाकडाच्या तुकड्यात त्याने स्वतःलाच पाहिले असावे.

शोगीतला तेव्हाचा सर्वोच्च मान मेईजिन. १६१२ पासून चालत आलेला, आणि त्या काळी एकदा मिळाला की जन्मभराचा असे. १९२१ साली तो सेकिनेला मिळाला. १९२५ साली ओसाकाकडच्या प्रतिष्ठितांनी साकातालाही मेईजिन म्हणून पुढे केले. टोकियोच्या संघटनेने ते मानले नाही आणि साकाता बाहेर पडला. कित्येक वर्षे मोठा डाव नाही, तोलामोलाचा प्रतिस्पर्धी नाही.

मग १९३७ चा फेब्रुवारी आला. क्योतोच्या नान्झेन्जी मंदिरात सात दिवस चालायचा डाव, प्रत्येकाला तीस तास. समोर सेकिनेचाच शिष्य किमुरा योशिओ, ऐन तिशीतला, त्या काळचा सर्वांत बलाढ्य. साकाता सहासष्ट वर्षांचा. किमुराने पहिली चाल केली. उत्तरादाखल म्हाताऱ्याने पटाच्या अगदी कडेचे प्यादे एक घर पुढे सरकवले. जाणकार चक्रावले. तगड्या प्रतिस्पर्ध्याला एक चाल फुकट दिल्यासारखेच हे! साकाता हरला. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या बलवान खेळाडूविरुद्ध त्याने दुसऱ्या कडेचे प्यादे तसेच सरकवले, आणि पुन्हा हरला.

याला कुणी हेका म्हणेल. मला तो हेका वाटत नाही. ज्याला लोकांनी कायम कडेलाच ठेवले, त्याने आयुष्यातला सर्वांत मोठा डाव कडेवरूनच सुरू करावा, यात मला त्याची सही दिसते. लेखणीने करता न येणारी.

पुढे मेईजिनपदासाठीच्या स्पर्धेतही तो उतरला आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर पंधरा डावांतले सात जिंकला. १९४६ च्या मार्चमध्ये सेकिने गेला, जुलैमध्ये साकाता. १९४७ साली त्याच्यावर नाटक आले, पाठोपाठ चित्रपट. जिवंतपणी नाकारलेले मेईजिनपद संघटनेने त्याला १९५५ साली मरणोत्तर दिले.

आमचे ते यंत्र दोन उन्हाळ्यांत बिघडले. मामाही आता नाहीत. ते खेळत तेव्हा, पडद्यावरचे सगळे माझ्याइतकेच त्यांनाही परके आहे, याचे मला बरे वाटत असे. आज त्याची लाज वाटते. त्या संध्याकाळी परका मी होतो. आणि सोसायटीत शाईचा डबा पुढे सरकवला जाई तेव्हा मी दुसरीकडे का पाहत असे, हे मी त्यांना कधी सांगितले नाही.