सर फ्रेडरिक बँटिंग

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मधुमेह झालेले मूल क्वचितच फार काळ जगत असे. अर्धपोटी ठेवून त्याचे आयुष्य थोडे लांबवावे, एवढेच वैद्यांच्या हाती होते. ही असहायता दूर करणाऱ्या संशोधकांत फ्रेडरिक बँटिंग अग्रणी होते.

बँटिंग यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी कॅनडातील ॲलिस्टन गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, स्वतःच्या हाताला जखम झालेली असतानाही ते सैनिकांवर उपचार करीत राहिले. युद्धानंतर त्यांनी दवाखाना थाटला. पण रुग्ण फारसे फिरकेनात.

स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्यास मधुमेह होतो, हे १८८९ सालीच सिद्ध झाले होते. म्हणजेच रक्तातील साखर आटोक्यात ठेवणारा स्राव त्या ग्रंथीत तयार होत असला पाहिजे. परंतु तो वेगळा काढण्याचे प्रयत्न पुरेसे यशस्वी झाले नव्हते. ग्रंथीतील पाचकरस त्या स्रावाचा नाश करीत असावा, असा बँटिंग यांचा तर्क होता.

मे १९२१ मध्ये टोरांटो विद्यापीठात प्रा. मॅक्लिऑड यांनी त्यांना प्रयोगशाळा, कुत्री आणि चार्ल्स बेस्ट हा तरुण साहाय्यक दिला. आरंभी अनेक कुत्री शस्त्रक्रियेतच दगावली. तरीही दोघे डगमगले नाहीत. अखेर स्वादुपिंडाचा अर्क टोचताच मधुमेही कुत्र्यांच्या रक्तातील साखर उतरू लागली. मार्जोरी नावाची कुत्री तर स्वादुपिंडावाचून सुमारे ७० दिवस जगली.

जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला हा अर्क देण्यात आला. पहिला अर्क अशुद्ध असल्याने गुण आला नाही. मग जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेल्या अर्काने मुलगा सावरला आणि पुढे तेरा वर्षे जगला. हेच इन्शुलिन होय.

१९२३ साली बँटिंग व मॅक्लिऑड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बेस्ट यांना वगळल्याचे बँटिंग यांना दुःख झाले. त्यांनी आपल्या रकमेचा अर्धा वाटा बेस्ट यांना दिला. औषध सर्वांना मिळावे म्हणून त्याचे हक्क विद्यापीठास नाममात्र किमतीत देण्यात आले. फेब्रुवारी १९४१ मध्ये विमान अपघातात बँटिंग यांचे निधन झाले.

त्यांचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, 'जागतिक मधुमेह दिन' म्हणून पाळला जातो. आज मधुमेही कुत्र्यांनाही इन्शुलिन टोचून जगवले जाते. ज्या मुक्या जीवांनी या औषधासाठी प्राण वेचले, त्यांच्या वंशजांनाही त्याचा लाभ झाला.