गुरुवर्य एकहार्ट

महोत्सवाच्या पुस्तकांत बहुधा संतांचीं चरित्रें असतात, आणि तें योग्यच आहे. परंतु येथें आम्ही अशा एका पुरुषाचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों, कीं ज्यांस संतपद लाभलें नाहीं. उलट ज्यांच्या कांहीं वचनांवर खुद्द पोपमहाराजांनीं दोष ठेविला. तथापि त्यांच्या अखेरच्या आचरणापासून आम्हां सर्वांस मोठा बोध घेतां येतो.

एकहार्ट यांचा जन्म सुमारें १२६० सालीं जर्मनींतील थुरिंगिया प्रांतीं झाला. तरुणपणींच ते एर्फुर्ट येथील डोमिनिकन मठांत दाखल झाले. पुढें पॅरिसच्या विद्यापीठांत ते ईश्वरज्ञानशास्त्राचे आचार्य झाले. तें आचार्यपद त्यांस १३११ सालीं दुसऱ्यांदा मिळालें. हा मान त्यांच्या संघांत पूर्वीं संत थॉमस अक्वायनस यांस लाभला होता. मधल्या काळांत सॅक्सनी प्रांतांतील मठांचा कारभारही त्यांनीं पाहिला.

तो काळ मोठा नाजूक होता. बेगीन नांवाच्या स्त्रिया मठाचें कायमचें व्रत न घेतां प्रार्थना व सेवा यांत आयुष्य घालवीत. त्यांच्यांत कित्येक खऱ्या भक्त होत्या, परंतु आत्मा देवाशीं एकरूप झाल्यावर त्यास नीतिनियमांचें बंधन उरत नाहीं, असें मत कोठें कोठें पसरत असल्याचा संशय अधिकाऱ्यांस होता. मार्गरित पोरेत या स्त्रीनें आपला ग्रंथ मागें घेण्याचें नाकारिलें, म्हणून १३१० सालीं पॅरिस येथें तिला जाळण्यांत आलें. पुढें व्हिएन येथील धर्मपरिषदेनें अशा मतांचा निषेध केला.

अशा दिवसांत एकहार्ट स्ट्रासबुर्ग व नंतर कोलोन येथें जोगिणींस व सामान्य जनांस त्यांच्याच जर्मन भाषेंत उपदेश करीत होते. मनुष्यानें अंतःकरण सर्व आसक्तींपासून रिकामें करावें, म्हणजे देवपिता आपल्या शब्दास त्यांत जन्म देतो, हें त्यांच्या उपदेशाचें सार होय. मात्र हें वैराग्य आळशाचें नव्हे. ध्यानांत कितीही आनंद लाभला, तरी एखाद्या आजाऱ्यास पेजेची गरज आहे असें कळतांच ध्यान सोडून ती नेऊन द्यावी, असें ते शिकवीत. प्रभूच्या चरणांशीं बसलेल्या मरीयेपेक्षां राबणारी मार्था अधिक परिपक्व होती, असाही अर्थ त्यांनीं एका प्रवचनांत लाविला.

परंतु विद्वानांची भाषा लोकभाषेंत आणतांना कांहीं वचनें फार धाडसाचीं निघालीं. जीव व देव यांतील भेद पुसला जातो कीं काय, अशी भीति तीं ऐकून वाटे. १३२६ सालीं कोलोनचे आर्चबिशप हाइन्रिख यांनीं चौकशी आरंभिली. एकहार्ट यांनीं लेखी उत्तरें दिलीं. चूक बुद्धीची असते, पाखंड इच्छेचें असतें. म्हणून आपण चुकूं शकूं, परंतु पाखंडी होऊं शकत नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ता. १३ फेब्रुवारी १३२७ रोजीं कोलोनच्या डोमिनिकन मंदिरांत, भरल्या लोकांसमोर, आपल्या उपदेशांत जें कांहीं चुकीचें आढळेल तें आपण मागें घेतों, असें त्यांनीं जाहीर केलें. वयाच्या पासष्टीपलीकडे, हजारोंच्या गुरूनें आपल्याच शिष्यांदेखत असें बोलणें किती कठीण, हें ज्यानें कधीं चारचौघांत माघार घेतली असेल त्यासच कळेल.

मग ते पोप बाविसावे योहान यांजकडे दाद मागण्यास आव्हिन्यों येथें गेले. निकाल ऐकावयास मात्र ते राहिले नाहींत. १३२८ च्या एप्रिलअखेरपूर्वींच त्यांचा अंत झाला. ता. २७ मार्च १३२९ च्या आज्ञापत्रांत २८ वचनांवर दोष ठेविला गेला: १७ पाखंडाचीं, व ११ कानास वाईट लागणारीं, परंतु पुष्कळ स्पष्टीकरणानें शुद्ध अर्थ लावितां येण्याजोगीं. त्याच पत्रांत, मरणापूर्वीं त्यांनीं आपलें म्हणणें ख्रिस्तसभेच्या निर्णयाधीन केलें, हेंही नमूद आहे.

त्यांच्या विचारांचे वारस टाउलर व सूझो हे डोमिनिकन बंधु झाले. पैकीं सूझो यांस १८३१ सालीं धन्यपद मिळालें. एकहार्ट यांचे लॅटिन ग्रंथ शोधून १८८६ सालीं प्रसिद्ध करणारे देनिफ्ल हेही त्याच संघाचे होते.

पॅरिसच्या स्त्रीनें मौन राखिलें व ती ज्वाळांत गेली. कोलोनच्या आचार्यांनीं मान लवविली. तिच्या अंतःकरणाचा न्याय देवाकडे आहे. आम्हांस एवढेंच कळतें, कीं ज्या अनासक्तीचा एकहार्ट यांनीं जन्मभर उपदेश केला, तिची खरी कसोटी त्या दिवशीं मंदिरांत लागली. धन व मान सोडणारे पुष्कळ असतात. स्वतःचें मत सोडण्यास तयार असणारा विरळा. आमच्या धर्मग्रामांत, घरांत व सभांत कलह होतात ते बहुधा ह्या शेवटच्या आसक्तीमुळेंच. ती सोडण्याचें बळ देव आम्हां सर्वांस देवो.